आजारी गिरण्या, ठणठणीत जमिनी

१९८५ साली आपल्या संसदेने कंपन्यांना आजारी पडण्याची कायदेशीर सोय करून दिली. कायद्याचं नावच मुळी 'आजारी औद्योगिक कंपन्या (विशेष तरतुदी) कायदा'. साचत आलेला तोटा कंपनीच्या स्वतःच्या भांडवलाइतका किंवा त्याहून मोठा झाला, म्हणजे विहिरीचा तळ दिसू लागला, की ती कंपनी आजारी. मग तिने बीआयएफआर नावाच्या मंडळाकडे जायचं, मंडळाने नाडी बघायची, पुनर्वसनाची योजना आखायची. हे चालू असेपर्यंत कलम २२ प्रमाणे कुणा घेणेकऱ्याने मंडळाच्या परवानगीशिवाय तिच्यावर वसुलीचा दावा लावायचा नाही, जप्ती आणायची नाही. रुग्ण विश्रांती घेतो आहे, दार वाजवू नये.

'आजारी' हा शब्द साधा वाटतो, पण अर्धा वाद तो एकटाच जिंकून जातो. आजारी माणसाला मरू द्या असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर तो निर्दय ठरतो. म्हणून एखादी जुनी, नावाजलेली, हजारो माणसं पोसणारी कंपनी डबघाईला आली की चर्चा आपोआप दवाखान्याच्या भाषेत होते: सलाईन, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, नवसंजीवनी. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच सहजपणे जंगलाची भाषा बोलतात. जुनं झाड पडल्याशिवाय खालच्या रोपांना ऊन मिळत नाही, वगैरे. शुंपेटरने १९४२ साली मांडलेली सर्जनशील विनाशाची कल्पना अशा वेळी हमखास बाहेर काढली जाते. दोन्ही भाषा कंपनीला एक सजीव प्राणी मानतात. माझा आक्षेप तिथेच आहे.

कंपनी हा प्राणी नाही. ती कायद्याने कल्पिलेली व्यक्ती आहे, आणि मालकाला तिच्याबरोबर मरावं लागू नये म्हणून तिची कल्पना केलेली आहे. लंडनमधल्या सॉलोमन नावाच्या एका बूट बनवणाऱ्याने आपल्या धंद्याची कंपनी केली, कंपनी बुडाली, आणि घेणेकरी त्याच्या दारात आले. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निवाडा दिला की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. जगभरचा कंपनी कायदा आजही या निवाड्याचा दाखला देतो. आपल्याकडे पाट्यांवर नावाच्या शेवटी 'लिमिटेड' किंवा 'मर्यादित' लिहिलेलं असतं ते हेच. कंपनी बुडाली तर भागधारकाचं घर, बायकोचे दागिने, मुलांच्या शिक्षणाचे पैसे शाबूत. जाईल ते फक्त गुंतवलेलं भांडवल.

हा एक करार आहे, समाजाने भांडवलाशी केलेला. तुझं नुकसान आम्ही मर्यादित ठेवतो, तू धाडस कर. पण त्याला दुसरी बाजू आहे. जे मर्यादित भांडवल तू लावलंस, ते वेळ आली की खरोखर गेलं पाहिजे. नफा झाला तर माझा, तोटा मर्यादेपर्यंत माझा, आणि मर्यादेच्या आतलाही सरकारने भरून द्यावा, असं म्हणणारा करार मोडतो आहे. तेव्हा 'मोठ्या कंपनीला मरू द्यावं का' या प्रश्नाला भागधारकापुरतं माझं उत्तर सरळ आहे. हो. तिचा जन्मच या अटीवर झालेला आहे.

अडचण पुढे येते. कंपनीत पैज लावणारे सगळे सारखे नसतात. भागधारकाला दहा ठिकाणी थोडे थोडे पैसे ठेवता येतात. बँक शेकडो कर्जं देते, त्यातली काही बुडणार हे गृहीत धरून व्याज लावते. कामगाराचं तसं नाही. एका माणसाला दहा कंपन्यांचे शेअर घेता येतात, दहा कंपन्यांत नोकरी करता येत नाही. त्याची सगळी पुंजी, म्हणजे वय, कसब, राहण्याचं ठिकाण, मुलांची शाळा, एकाच डावावर लागलेली असते. मर्यादित जबाबदारीचा कायदा ज्याला लागू व्हायला हवा होता, नेमका त्यालाच तो लागू नाही.

मुंबईच्या गिरण्यांचं जे झालं ते या दृष्टीने पुन्हा पाहावं असं मला वाटतं. गिरण्यांची गोष्ट आपण सहसा संपापासून सुरू करतो. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. मग 'संपाने गिरण्या बुडवल्या' आणि 'मालकांनी संपाचं निमित्त केलं' अशा दोन तट्ट्यांत सगळे विभागले जातात. पण गिरण्यांचं दुखणं संपाच्या फार आधीचं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे एनटीसी, स्थापन झालं १९६८ साली, आणि आजारी गिरण्या ताब्यात घेणं हेच त्याचं काम होतं. १९७४ साली देशभरातल्या १०३ गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. संपानंतर, १९८३ साली, मुंबईतल्या आणखी तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारने हाती घेतलं. यंत्रं जुनी, नफा यंत्रांत परत घातलेला नाही, आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणलं जाऊ लागलेलं. दवाखान्याच्या भाषेत बोलायचं तर रोगी फार दिवसांपासून खाटेवर होता.

मग त्याला जाऊ का दिलं नाही? कारण जाण्याची सोयच नव्हती. १९७६च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आलेल्या तरतुदींनुसार मोठा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागत असे. आधी ही अट तीनशे कामगारांच्या कारखान्यांना होती, पुढे शंभरांच्या कारखान्यांनाही लागू झाली. हेतू चांगलाच होता, मालकाने एका सकाळी कुलूप लावून निघून जाऊ नये. पण सरकार बंदची परवानगी सहसा देत नाही, आणि कागदावर चालू असलेली गिरणी प्रत्यक्षात चालवावी असं कुठलंही कलम मालकाला भाग पाडू शकत नाही. विजेचं बिल थकवता येतं. कापूस आणायचं थांबवता येतं. पगार लांबवता येतो. अशा रीतीने गिरणी ना जिवंत ना मेलेली, मधल्या मधे लटकत राहते. कायदेशीर बंदच झाला नाही, तर बंदची भरपाई कुठून मिळणार? नोकरी गेलेली नाही आणि नोकरी आहे असंही नाही, अशा अवस्थेत माणसं गावी गेली, वडापावच्या गाड्यांवर, रखवालीवर, मिळेल त्या कामावर गेली.

या काळात सरकारने कंपनीला नेमकं काय दिलं? पैसे काही ठिकाणी दिले, काही ठिकाणी नाही. सगळ्यांना दिला तो वेळ. आणि वेळ ही गोष्ट सगळ्यांना सारखी लाभत नाही. जमिनीला वेळ दिला तर ती महाग होते. माणसाला वेळ दिला तर तो म्हातारा होतो.

गिरण्यांखाली मध्य मुंबईची सुमारे सहाशे एकर जमीन होती. गिरण्या आजारी पडल्या, पण जमीन एक दिवसही आजारी पडली नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने जमीन विकायची वाट उघडली, तीही पुनर्वसनाच्या आणि कामगारांची देणी फेडण्याच्या नावाने. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. शेड ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार, सगळीकडे तर शेडच. उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो उचलून धरला. दरम्यान २००५ मध्ये एनटीसीने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटी रुपयांना विकल्या. झाड पडल्यावर ऊन आलं हे खरं, पण ते टॉवरच्या काचांवर.

मला यातून जे दिसतं ते असं. कंपनी नावाची एकच एक गोष्ट नसते. तिच्यात एक नाव असतं, मालकी हक्क असतात, जमीन-यंत्रं असतात, देणी असतात, आणि काम करणाऱ्यांचं जमलेलं कसब असतं. 'कंपनी वाचवा' म्हणताना यातलं नेमकं काय वाचवायचं हे कुणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे जे सगळ्यात बळकट असतं तेच वाचतं. गिरणगावात जमीन आणि तिच्यावरचा मालकी हक्क वाचला. कसब आधी गेलं. मालकाच्या हातून गिरणी वेळीच निघून तिची देणी जमिनीतून तिथल्या तिथे फेडली गेली असती, तर कामगाराच्या हातात चाळिशीत काहीतरी पडलं असतं. निदान दुसरं काही सुरू करण्याइतकं.

उलट प्रकारही आपल्याकडे घडलेला आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. काही दिवसांतच सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून स्वतःची माणसं नेमली आणि एप्रिलमध्ये लिलाव होऊन कंपनी टेक महिंद्राकडे गेली. तीन महिने. सरकारी तिजोरीतून भांडवल घालावं लागलं नाही. पन्नास हजारांच्या आसपास माणसांचं काम बहुतांशी टिकलं आणि भागधारकांचं मोठं नुकसान झालं. काही वर्षांनी सत्यम हे नावही विलीनीकरणात गेलं, आणि त्याचं कुणाला फारसं वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. सत्यम मेली की वाचली? प्रश्नच चुकीचा आहे. नाव आणि मालकी गेली, काम राहिलं.

सॉफ्टवेअर कंपनीचं सोपं असतं, तिथे यंत्रं गंजत नाहीत आणि गिऱ्हाईक डॉलरमध्ये पैसे देतं, असा आक्षेप येईल. मान्य. म्हणून कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सकडे बघू. घराण्यातल्या भांडणात बंद पडलेला हा कारखाना कामगारांनी स्वतः चालवायला घ्यावा अशी योजना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मंजूर झाली. डाव्या वर्तुळांत त्याचं केवढं कौतुक झालं. काही वर्षं कारखाना चालला, मग पुन्हा कर्जात रुतला, आणि २००६ साली अकोला जिल्ह्यातून आलेल्या कल्पना सरोज यांनी तो घेतला. म्हणजे कामगारांच्या हाती दिलं की सगळं ठीक होतं असंही नाही. मालक कुणीही असो, तांब्याचा भाव आणि बँकेचं व्याज त्याला ओळखत नाहीत. पण मालकी हलू शकते, हे १९८८ साली दिसलं होतं. गिरण्यांच्या बाबतीत तसं कुणी मनावर घेतलं नाही. कुर्ल्याच्या जमिनीला तेव्हा लोअर परळचा भाव नव्हता, हेही एक कारण असावं.

२०१६ साली बीआयएफआर गेलं आणि दिवाळखोरी संहिता आली. आता भाषा बदलली, आजारपण गेलं आणि मुदत आली. आधी १८० दिवस, वाढवून २७०, पुढे सगळं धरून ३३०. कागदावर हे मला पटतं. पण जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं ते १७ एप्रिल २०१९ ला, प्रकरण लवादाकडे दाखल झालं त्याच वर्षी जूनमध्ये, आणि कंपनी मोडीत काढा असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम आला ७ नोव्हेंबर २०२४ ला. मधल्या पाच वर्षांत कंपनीला नवा मालक मिळाल्याच्या बातम्या येत राहिल्या. भाड्याची विमानं ज्यांची त्यांनी केव्हाच परत नेली होती.

मोडीत निघालेल्या कंपनीच्या पैशांची वाटणी संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. ती जरा सावकाश वाचण्यासारखी आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, म्हणजे वकील, लेखापाल, सल्लागार. मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे पगार आणि तारण असलेल्या बँका, एका ओळीत. मग कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे बारा महिने. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकार. आणि त्याही खाली ज्याने उधारीवर माल पुरवला, गाड्या पुरवल्या, धुलाई केली, तो लहान पुरवठादार. ही रांग गणिताने लागलेली नाही. कुणाचं दुःख आधी मोजायचं हा समाजाचा नैतिक निवाडाच आहे, फक्त तो कलमाच्या रूपात लिहिल्यामुळे तसा दिसत नाही. माझ्या हातात असतं तर कामगार आणि लहान पुरवठादार मी बँकेच्या वर ठेवले असते. बँका कर्ज देताना कचरतील, व्याज वाढेल, असं त्यावर अर्थशास्त्रवाले सांगतात. वाढू दे थोडं. धोका ज्याला पेलतो त्याने तो मोजून घ्यावा, न पेलणाऱ्याच्या गळ्यात घालू नये.

जेटच्याच आकाशात एअर इंडिया होती. टाटांनी १९३२ साली सुरू केलेली, १९५३ साली सरकारने घेतलेली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेलेली. ऑगस्ट २०२१ अखेर तिच्यावर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं. त्यातलं १५,३०० कोटी नव्या मालकाने उचललं, उरलेलं बहुतेक सरकारी खात्यावर, म्हणजे आपल्या. तेच आकाश, तेच काम, तेच तिकीट. एकीकडच्या वैमानिकाला पगार मिळत राहिला, दुसरीकडचा लवादाच्या तारखा मोजत बसला. हा फरक त्यांच्या कुठल्या गुणावरून पडला? आणि जन्मात विमानात न बसलेल्या माणसाने यातला एक भाग का भरायचा? राष्ट्राचा मानबिंदू हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

तरीही 'सगळ्यांना मरू द्या' असं मी म्हणणार नाही. ज्यांनी पैज लावलीच नाही आणि ज्यांना उठून जाताही येत नाही, अशी माणसं काही कंपन्यांना बांधलेली असतात. बँकेतला ठेवीदार हा पहिला. त्याने बँकेच्या धाडसात भाग घेतलेला नसतो, पैसे सुरक्षित राहावेत एवढंच त्याला हवं असतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येत होते. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर आले तेव्हा मर्यादा पन्नास हजार होती आणि तेरा दिवसांत निर्बंध उठलेही. स्टेट बँक आणि इतरांनी भांडवल घातलं, जुन्या भागधारकांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले, ८,४१५ कोटींचे रोखे शून्य केले. त्या रोख्यांवरून कज्जे झाले ते वेगळं. पद्धत म्हणून मला हे बरोबर वाटतं: ठेवीदार वाचवा, पैज लावणाऱ्याला हरू द्या. खटकतं ते एवढंच की मोठ्या बँकेच्या ठेवीदाराला तेरा दिवस लागले आणि सहकारी बँकेच्या ठेवीदाराचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाल्यावर लागला, तोही मोठ्या ठेवींचे पैसे वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत. दोघांचं दुःख सारखंच होतं, बँकांचा आकार तेवढा वेगळा.

आकाराचं हे कोडं साखर कारखान्यात उलटं होतं. शेअर बाजाराच्या हिशेबात एखादा तालुक्याचा कारखाना म्हणजे चिल्लर. पण तोडलेला ऊस राखून ठेवता येत नाही, वजन घटतं, उतारा घटतो. पंचक्रोशीत दुसरा कारखाना नसेल तर त्या शेतकऱ्यासाठी हाच मोठा, हाच बुडू न देण्याजोगा. म्हणून थकहमीची मागणी होते, आणि ती अगदीच खोटी नसते. खोटं असतं ते एवढंच, की शेतकऱ्याचा ऊस पुढे करून संचालकांची खुर्ची वाचवली जाते. गाळप चालू राहावं आणि संचालक मंडळ घरी जावं, ही मागणी एका दमात करणारं आंदोलन क्वचितच दिसतं.

गिरण्यांचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यांवर कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं, तेव्हा सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती सात हजारांच्या आसपास. पुढे काही पनवेलजवळच्या कोनला निघाली. आता उरलेल्यांसाठी सरकारची योजना आहे शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढे. २०२५च्या जुलैमध्ये कामगार आणि त्यांची मुलं आझाद मैदानात बसली ती मुंबईतच घर द्या म्हणून. संपाच्या दिवशी पंचविशीत असलेला कामगार आता सत्तरीला टेकला आहे. घर त्याला मिळू शकतं, किंवा त्याच्या वारसाला.